चार महिने बॉल बंद

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत पीटी शिकवतो. मूळचा खो-खोवाला. आधीचे सर निवृत्त झाले तेव्हा बेसबॉलची टीम माझ्या गळ्यात पडली. चार्जमध्ये एक लोखंडी पेटी, सात ग्लोव्ह, दोन बॅटी, एका पट्ट्यावर लोंबकळणारा कॅचरचा (बॅटरमागे बसून बॉल पकडणाऱ्याचा) मास्क आणि "पोट्टे चांगले आहेत जी, सांभाळा" हे वाक्य, एवढंच मिळालं. पुढची काही वर्षं मी ती टीम खो-खोसारखीच चालवली. जुलैत पोरं गोळा करायची, जिल्ह्याच्या मॅचेस खेळायच्या, पुढे गेलो तर विभाग, हरलो की पेटीला कुलूप. ऑफ-सीझन नावाची काही भानगड असते, हे मला डिसेंबर 2023 मध्ये कळलं, तेही एका पोराच्या कोपरामुळे. त्यानंतरचे आठ महिने काय काय केलं, किती पैसे गेले, कुठे अडकलो, ते लिहून ठेवतोय. विदर्भात बेसबॉल शिकवणारे बहुतेक जण माझ्यासारखेच दुसऱ्या खेळातून आलेले आहेत, त्यांना कामी पडेल. पोरं शाळेतली आहेत म्हणून नावं लिहीत नाही, मैदानावरच्या जागेनं ओळखा.

ते वर्ष तसंही सुरुवातीपासूनच वाकडं होतं. 23 सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अर्ध्या नागपूरची दाणादाण उडाली, तेव्हा आमच्याही शाळेच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं. पेटी तिथंच होती. चामड्याचे ग्लोव्ह दोन दिवस पाण्यात भिजले आणि मग उन्हात वाळून पापडासारखे कडक झाले. त्याच ग्लोव्हवर आम्ही जिल्हा खेळलो. मधेच ऑक्टोबरात मुंबईला ऑलिम्पिक समितीची बैठक झाली आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटसोबत बेसबॉल-सॉफ्टबॉलही घेतल्याची बातमी आली. वर्गात मी ती वाचून दाखवली. पोरांना त्यातलं क्रिकेट तेवढं ऐकू आलं.

नोव्हेंबरअखेर विभागीय स्पर्धा होती. एकाच दिवशी दोन मॅच. माझ्याकडे धड पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, एकच, वय 14. पहिली मॅच त्यानं पूर्ण टाकली. दुसऱ्या मॅचला आमच्या कॅचरच्या अंगठ्याला लागलं, म्हणून मी पिचरलाच मास्क घालून होमप्लेटमागे बसवलं. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात पुन्हा त्यालाच बॉल दिला. हरलो. बसमध्ये तो खिडकीला टेकून गप्प बसला होता. हरल्याचं वाईट वाटतंय, असं मी समजलो.

सोमवारी, 4 डिसेंबरला, प्रार्थनेच्या वेळी मी रांगांमधून फिरत होतो. "सावधान" म्हटल्यावर सगळ्यांचे हात मांडीला चिकटले. याचा उजवा हात कोपरात वाकलेलाच. मला वाटलं पोरगं मस्ती करतंय. जवळ जाऊन म्हटलं, हात सरळ कर. तो म्हणाला, "होतच नाही जी सर. दुखून राहिला."

"कधीपासून?"

"थ्या दुसऱ्या मॅचपासून."

म्हणजे तिसरी मॅच त्यानं दुखऱ्या हातानं टाकली होती आणि मी त्याला विचारलंही नव्हतं.

मंगळवारी त्याच्या वडलांना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. फी 600. डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला सांगितले, 900 रुपये. दुखतं एक, मग दोन्हीचे कशाला, असा प्रश्न वडलांच्या चेहऱ्यावर होता, माझ्याही. नंतर समजलं, वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड वाढतं, आणि ती ताणली गेली आहे का हे चांगल्या हाताशी ताडून पाहिल्याशिवाय नीट दिसत नाही. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून पेनानं दाखवलं. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूची रेघ बारीक होती, उजवीकडची जरा रुंद. तुटलं काही नव्हतं. मोठ्या माणसाचा अशा ताणात अस्थिबंध (लिगामेंट) जातो, पोरांची ही कूर्चा आधी जाते, असं ते म्हणाले. किती बॉल टाकले, असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन स्कोअरबुक काढलं. प्रत्येक बॅटरपुढे बॉल आणि स्ट्राइकच्या खुणा होत्या, त्या मोजल्या. पहिल्या मॅचमध्ये 118. फाऊल (रेषेबाहेर मारलेले बॉल) धरले तर आणखी वर. दुसऱ्या दिवशी 71. मग मोबाईलवर शोधत बसलो. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी 2014 साली मिळून पोरांसाठी पिचिंगची मर्यादा ठरवून दिलेली आहे, तिचं नाव पिच स्मार्ट. 13-14 वर्षांच्या पोराला दिवसाला जास्तीत जास्त 95. आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकले की पुढचे चार दिवस पूर्ण बंद. पिचरला त्याच मॅचमध्ये कॅचर करू नका, हेही त्यात आहे, कारण कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकतोच. माझ्या बाबतीत मॅच दुसरी होती, पण हात तोच होता. त्याहून मोठं वाक्य पुढे होतं: वर्षातून किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, आणि त्यातले दोन-तीन महिने डोक्यावरून कसलंच फेकणं नाही.

2006 साली छापून आलेला तिकडचाच एक अभ्यासही वाचला. वर्षात आठ महिन्यांहून जास्त काळ स्पर्धेत पिचिंग करणाऱ्या पोरांना ऑपरेशनची पाळी येण्याचा धोका 5 पट, आणि थकलेल्या हातानं नेहमी टाकणाऱ्यांना 36 पट. त्या रात्री झोप लागली नाही. शाळेत मला कोणी काही विचारलं नाही, मुख्याध्यापिका मॅडमनी नाही, पोराच्या वडलांनी तर नाहीच. कोणीतरी विचारायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

तर चार महिने. 5 डिसेंबर ते 5 एप्रिल. मी सगळे बॉल पेटीत टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली मुख्याध्यापिका मॅडमकडे दिली, कारण माझ्याकडे ठेवली असती तर मीच वितळलो असतो.

सगळ्यात अवघड गेलं ते वडलांना समजावणं. ते ऑटो चालवतात. शाळेच्या गेटवर ऑटो लावून म्हणाले, "सर, थो चार महिने बॉल फेकनार नाही, तं मंग विसरून नाही जाईल का? दुसरं पोट्टं पुढं जाईल नं." त्यांचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे मेहनत म्हणजे तेच ते रोज करणं. मी त्यांना एक्स-रे पुन्हा दाखवला, त्या रेघेवर बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. पण घरी बसवू नका त्याले."

पोरांचं तर विचारूच नका. बॉल बंद म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीपासून सगळे गल्लीत टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायला लागले. टेनिस बॉल हलका, साठेक ग्रॅमचा. बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा. तरी बाउंड्रीवरून थ्रो मारायचा म्हणजे तेच कोपर. मी संध्याकाळी स्कूटर घेऊन गल्ल्यांमधून फिरायचो. मला पाहिलं की आमचा पिचर एकदम अंपायर व्हायचा. मग एक दिवस शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला पोरगा) नवीन शोध घेऊन आला. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भाला फेकणारे दोघं, 2008 मध्ये थेट अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमनं घेतले होते. "सर, मंग आपण ऑफ-सीझनला भाला फेकू नं?" भालासुद्धा डोक्यावरूनच जातो हे त्याला हात फिरवून दाखवावं लागलं.

संक्रांतीला तर मी हातच टेकले. 15 जानेवारीला गच्चीगच्चीवरून "ओ काट" चालू होतं. पतंगाची ढील आणि खेच यात खांदा किती वापरला जातो हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. पिचरला म्हटलं, तू चक्री धर. त्यानं दिवसभर बहिणीची चक्री धरली. त्याचं त्याला फार वाईट वाटलं, असं बहिणीनंच नंतर सांगितलं.

मैदानाचा अर्ज मी 11 डिसेंबरला दिला. शाळेचं अंगण छोटं, त्यात एकमेकांपासून 90 फुटांवरचे बेस (धावून गाठायचे टप्पे) बसत नाहीत. जवळच एक खुलं मैदान आहे, ते ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तिथं गेलो. नागपुरात डिसेंबरात कोणत्याही टेबलावर जा, एकच उत्तर मिळतं: "साहेब अधिवेशनात आहेत." 7 तारखेला अधिवेशन सुरू झालं होतं, ते 20 पर्यंत चाललं. 22 ला गेलो तर अर्ज सापडेना. माझ्याकडे पोच नव्हती. पुन्हा अर्ज, या वेळी दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर अकरा दिवस वाचले असते. दुसरी गोष्ट: अर्जात "बेसबॉल सराव" एवढंच लिहू नका. काचा फुटतील ही भीती असते. मी "शालेय विद्यार्थ्यांचा शारीरिक सराव व बेसबॉल, सकाळी 5.30 ते 8" असं लिहिलं, सोबत मैदानाचा हातानं काढलेला नकाशा जोडला आणि बॅटिंग कोणत्या दिशेला, ते बाणानं दाखवलं. त्यावर फाइल हलली.

जानेवारीत प्रत्यक्ष काम सुरू झालं. आठवड्यातून चार दिवस, शाळेच्या अंगणात, बॉलशिवाय. इथं माझा खो-खो कामी आला. खांब धरून वळायचं तंत्र आणि पहिल्या बेसला आतून पाय लावून वळायचं तंत्र यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे शरीर आत झुकतं आणि वेग कमी होऊ द्यायचा नसतो. चोरून दुसरा बेस घ्यायचा तर पिचरच्या पायाकडे बघून निघावं लागतं, आणि पाठ करून बसलेल्या खेळाडूला खो कधी मिळणार हे ओळखणारी पोरं त्यात मुळातच हुशार असतात. मुलींच्या खो-खो टीमला समोर उभं केलं. बेसबॉलची पोरं पहिल्या दोन आठवड्यांत एकदाही जिंकली नाहीत. तोंडं बारीक झाली, पण पळायला लागली.

फिजिओथेरपिस्टकडे पिचर आठवडाभराआड जात होता, एका वेळचे 300, सहा वेळा. तिनं जे शिकवलं ते मी सगळ्यांना लावलं. सायकलच्या जुन्या ट्यूब पंक्चरवाल्याकडून फुकट आणल्या, कापल्या, व्हरांड्याच्या गजाला बांधल्या. कोपर अंगाला चिकटवून ट्यूब बाहेर खेचायची, मग आत. पंधरा-पंधरा वेळा, सावकाश. कोपर आणि बरगडीच्या मध्ये एक दुमडलेला रुमाल ठेवायचा. रुमाल पडला की मोजणी परत एकपासून. पहिल्या दिवशी जिकडेतिकडे रुमाल. पिचरच्या खांद्याची मागची बाजू, पंखाचं हाड म्हणतो तिथले स्नायू, इतके दुबळे होते की तिसऱ्या वेळीच हात थरथरायचा. आणि मी समजत होतो की त्याचा हात मजबूत आहे, कारण बॉल जोरात जातो. जोर कमरेतून आणि पायांतून येतो आणि हाताच्या मागच्या बाजूला तो ब्रेक लावावा लागतो, हे त्या फिजिओ मॅडमनी मला एका वाक्यात सांगितलं. बाकी प्लँक, बैठका, सूर्यनमस्कार. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

23 जानेवारीपासून मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाची ड्युटी लागली, 2 फेब्रुवारीपर्यंत घरोघरी. तेवढे दिवस कॅचरनं सराव घेतला. मी परत आलो तेव्हा रुमालाचा नियम त्यानं माझ्यापेक्षा कडक केला होता.

फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. टीममध्ये दोघं दहावीचे होते, 1 ते 26 मार्च त्यांचा पेपरचा काळ, त्यांना पूर्ण सुटी दिली. या काळात मी स्वतःचा अभ्यास केला. खरं सांगतो, इतकी वर्षं शिकवूनही इनफिल्ड फ्लायचा (बेसजवळ उंच उडालेल्या झेलाचा) नियम मला धड सांगता येत नव्हता. नियमपुस्तकाची रोज चार पानं वाचली. आणि एक स्कोअरर शोधली. नववीतली खो-खोची मुलगी, गणितात पक्की. तिला स्कोअरबुकच्या शेजारी एक वेगळा कागद करून दिला: पिचरचं नाव, आणि पाच-पाचच्या उभ्या रेघा. टाकलेला प्रत्येक बॉल, फाऊल धरून, एक रेघ. 50 झाले की हात वर करायचा. 75 ला उभं राहायचं. 85 ला माझ्याकडे चालत यायचं, मी काहीही म्हणालो तरी. "तुम्ही रागावले तं?" तिनं विचारलं. म्हटलं, तरी यायचं.

मार्चमध्ये साहित्याच्या खरेदीचं. भिजलेले ग्लोव्ह टाकून द्यावेत, नवे घ्यावेत, इतकं सोपं मला वाटलं होतं. पण ते ग्लोव्ह साठा रजिस्टरमध्ये नोंदलेले. निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून रीतसर काढून टाकणं, झाल्याशिवाय ते "अस्तित्वात" आहेत, आणि सात ग्लोव्ह अस्तित्वात असताना नवे कशाला? मग तीन जणांची समिती, प्रत्येक ग्लोव्हची पाहणी, "पुराच्या पाण्याने निरुपयोगी" असा शेरा, मुख्याध्यापिकांची सही. त्यात बारा दिवस गेले. पुढे तीन दुकानांची दरपत्रकं. संस्थेनं 18,000 मंजूर केले, अट एकच: 31 मार्चच्या आत बिल. कॅचरचा पूर्ण संच 5,800, चार हेल्मेट 4,400, एक डझन बॉल 3,120, तीन ग्लोव्ह 4,350, पार्सलचे 330. बरोब्बर 18,000. हा हिशोब जुळवायला मला एक रात्र लागली आणि ग्लोव्ह सहाचे तीन झाले. आधी हेल्मेट आणि कॅचरचा संच घ्या, उरले तर ग्लोव्ह, हा क्रम मी तरी बदलणार नाही.

मेरठहून पार्सल आलं. उघडलं, आणि तिन्ही ग्लोव्ह उजव्या हातात घालायचे! उजव्या हातानं फेकणारा पोरगा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, आणि माझ्या ऑर्डरमध्ये होतं "उजव्या हाताचे". विक्रेत्यानं ते शब्दशः घेतलं. टीममध्ये डावरा एकही नाही. परत पाठवायला 420 रुपये खिशातून, आणि बदली यायला एकोणीस दिवस. ऑर्डर देताना "उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी, डाव्या हातात घालायचा" असं पूर्ण वाक्य लिहा, लाज वाटू देऊ नका.

6 एप्रिलला डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे पाहिला. या वेळी एकाच हाताचा, 450. रेघ भरून आली होती, हात पूर्ण सरळ होत होता, दाबून दुखत नव्हतं. फेकायला सुरुवात करा म्हणाले, हळू. 9 तारखेला गुढीपाडवा होता. सकाळी पेटीचं कुलूप काढलं. पोरांनी बॉलला हळद-कुंकू लावलं, मी म्हटलं शिवण ओली करू नका रे, तर ऐकतंय कोण.

पहिल्या आठवड्यात 30 फुटांवरून 25 थ्रो, दहा मिनिटं आराम, पुन्हा 25. एक दिवसाआड. मग 45 फूट, मग 60, मेच्या मध्यापर्यंत 90. नियम एकच: दुखलं तर त्या दिवशी बंद, आणि पुढच्या वेळी एक पायरी मागे. आमचा पिचर 60 फुटांवर एकदा अडला. कोपर नाही, खांद्यावर ओढ आल्यासारखं वाटत होतं. हे त्यानं स्वतः येऊन सांगितलं, माझ्यासाठी तो त्या उन्हाळ्यातला मोठा दिवस होता. 45 वर मागे आलो, पाच दिवसांनी पुन्हा पुढे गेलो. एवढ्यात 19 एप्रिलला लोकसभेचं मतदान, त्याआधीची प्रशिक्षणं, आदल्या दिवशी पेट्या घेऊन केंद्रावर मुक्काम. तो आठवडा पोरांनी आपापसात 50-50 मोजून फेकले.

मैदानाची परवानगी 22 एप्रिलला हातात पडली. 1 मे ते 30 जून, फी 3,000, अनामत 2,000. पालकांचं संमतीपत्र आणि प्रत्येकाचं डॉक्टरचं फिटनेस प्रमाणपत्र मागितलं नव्हतं, तरी मी घेऊन फाइलला लावलं. ते पुढे कामी आलंच.

मे महिन्यात नागपुरात सराव म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. साडेपाचला, उन्ह चढायच्या आत मैदानावर, सव्वासातला बंद. साडेसातला बॅटची मूठ हातात धरवत नाही. प्रत्येकाच्या आईनं खिशात कांदा दिलेला असायचा, उन्ह लागू नये म्हणून. फर्स्ट बेसवाला तो ग्लोव्हमध्ये ठेवून द्यायचा, त्या ग्लोव्हचा वास अजून गेलेला नाही. 21 मेला कॅचर पूर्ण संच घालून बसला होता आणि अचानक बाजूला कलंडला. सावलीत नेलं, संच काढला, मानेला-काखेत ओला दुपट्टा लावला, थोडं थोडं ओआरएस पाजलं, दहा मिनिटांत सावरला. मग लगेच दवाखान्यात नेऊन दाखवलं, तिथं ते फिटनेस प्रमाणपत्र आणि वडलांचा नंबर फाइलमध्येच सापडला. आदल्या रात्री लग्नात जागरण आणि सकाळी पोटात काही नाही. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. येताना प्रत्येकानं दोन केळी किंवा वाटीभर सातू खाऊनच यायचं, नाहीतर गेटवरून परत. आणि कॅचरचा संच सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त घालायचा नाही. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, हे स्कोअररनं पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलं.

25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला तसं मी मैदान बंदच केलं. 30 तारखेला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. हवामान खात्यानं नंतर सेन्सरचा घोळ म्हणून सांगितलं, पण त्या दिवशी कोणाला ते खोटं वाटलं नव्हतं.

सराव शाळेच्या हॉलमध्ये हलवला. बॅटिंगसाठी टी (ज्यावर बॉल ठेवून मारायचा तो स्टँड) हवा होता, विकत 2,500 च्या पुढे. ट्रकच्या स्पेअर पार्टवाल्याकडून जुना रेडिएटरचा रबरी होज 80 रुपयांत, पीव्हीसी पाइप घरचा, खाली सिमेंट भरलेलं पेंटचं डबडं. एकूण 210. रबर लवचीक असल्यानं बॅट चुकून लागली तरी मोडत नाही. त्याहून मजा आली ती बाटल्यांच्या झाकणांची. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण चकतीसारखं भिरकावायचं आणि झाडूच्या दांड्यानं मारायचं. ते हवेत असं वळतं की डोळा झाकणावरून हलवलात की गेलं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पोरं गल्लीत हेच खेळतात, आणि तिथून मेजर लीगचे किती खेळाडू येतात ते जगाला माहीत आहे. झाकणं भिरकावायला मी होतो, बाजूनं, मनगटानं, पोरांचे हात वाचवून. तिसऱ्या दिवशी माझंच मनगट धरलं.

एक चूक खिशाला लागली. मेच्या सुरुवातीला मैदानावर मी पिचरचा उंचवटा बांधला होता. मापानुसार तो होमप्लेटपेक्षा 10 इंच उंच, उतार एका फुटाला एक इंच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरमाची एक ट्रॉली मागवली, 2,200. पोरांनी दोन सकाळी धुम्मस मारून तो इतका सुबक केला की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. 12 जूनला पत्र आलं. परवानगीच्या अट क्रमांक 7 नुसार मैदानात खोदकाम वा भराव करण्यास मनाई आहे, सात दिवसांत काढा, अनामत रोखण्यात येत आहे. अट खरंच होती, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. मी दुसरं पान वाचलंच नव्हतं. काढायच्या आधीच पाऊस आला आणि मुरूम-माती एकजीव होऊन त्याचा चिखल झाला, तो आम्ही घमेल्यांनी उचलला. शेवटी एका सुताराकडून प्लायवूडचा उतरता फळा करून घेतला, 6 इंच उंच, वर जुनं पायपुसणं ठोकलेलं, 3,400 रुपये. दोन पोरं उचलून नेतात, पाऊस आला की व्हरांड्यात. पहिल्यापासून हेच करायला हवं होतं.

1 जुलैला शाळा उघडली आणि नोंदणीचे कागद सुरू झाले. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, फोटोवर अर्धा शिक्का. दोघांच्या जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं. दुरुस्तीची फी तेव्हा 50 रुपयेच होती, पण रांग आणि वाट पाहणं मिळून सोळा दिवस. हे काम एप्रिलमध्ये, हातात वेळ असताना उरकायचं असतं. पोरगं 15 वर्षांचं झालं असेल तर बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, तेही त्याच फेरीत करून टाका.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याची पहिली मॅच. पिचरला आणि स्कोअररला मी आधीच सांगून ठेवलं होतं, आज 85 नाही, 60च, मग पिचर सेकंड बेसला. पन्नासाव्याला स्कोअररचा हात वर गेला. तेव्हा आम्ही एका रननं पुढे होतो, दोन बेसवर त्यांची माणसं. साठाव्याला मी जागेवरच घुटमळलो. आणखी एक बॅटर, एवढंच मनात होतं. ती कागद घेऊन चालत निघाली होती. मी मैदानात शिरायच्या आत पिचरनंच बॉल दुसऱ्या पोराच्या ग्लोव्हमध्ये ठेवला आणि सेकंड बेसकडे गेला. त्या इनिंगमध्ये तीन रन गेले. 7-5 नं हरलो.

मॅच संपल्यावर वडील ऑटोतून उतरून आले. हरलो कसे, वगैरे काही विचारलं नाही. पोराला म्हणाले, "हात सरळ कर पाहू." त्यानं केला.

अनामत रकमेचे 2,000 अजून मिळालेले नाहीत. पुढच्या मे-जूनसाठी मैदानाचा अर्ज मात्र या वेळी अधिवेशनाच्या आधीच, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिला. पोच घेतली आहे.